एका गळ्यातले शेजारी

‘ॲक्वा टीन हंगर फोर्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचे सुरुवातीचे भाग ओळीने बघायला घेतले की एक गोष्ट खटकते, आणि पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जात नाही. मास्टर शेक नावाचा मिल्कशेकचा कप, फ्रायलॉक नावाचं फ्राइजचं लाल खोकं आणि मीटवॉड नावाचा खिम्याचा गोळा असे तिघं न्यू जर्सीतल्या एका भाड्याच्या घरात राहतात आणि गुन्ह्यांचा छडा लावतात, अशी ती मालिका सुरू होते. पहिल्याच भागात एक अजस्र यांत्रिक ससा शेजारच्या कार्लच्या गाडीचा चुराडा करतो आणि तिघं तपासाला निघतात. पुढच्या काही भागांत हा तपास पातळ होत जातो. मग तो नाहीसाच होतो. आपण हे काम सोडलं, असं कुणी म्हणत नाही. शेवटची केस सुटत नाही, निरोपाचं वाक्य येत नाही, एखादं पात्र आठवण काढून हळहळतही नाही. फक्त एका भागापासून हे तिघं घरातच बसलेले असतात, एकमेकांशी वाद घालत, अधूनमधून कार्लच्या पोहण्याच्या तलावात उतरत. स्कूली डीने केलेलं रॅप शीर्षकगीत मात्र पुढची कित्येक वर्षं वीरांच्या आगमनाच्या थाटात वाजत राहतं.

गुप्तहेरगिरी का आली, याचं उत्तर साधं आहे. तीन खाद्यपदार्थ नुसते बोलत बसणार, या कल्पनेवर वाहिनीचे वरिष्ठ पैसे लावायला तयार नव्हते, त्यांना काहीतरी कथानक हवं होतं. डेव्ह विलिस आणि मॅट मायलारो या दोघा लेखकांनी ते दिलं, आणि मालिका उभी राहिल्यावर काढून घेतलं. खरा प्रश्न वेगळाच आहे. टीव्हीवर कथानक म्हणजे सगळ्याचा पाया मानतात. तो पाया उचलून बाजूला ठेवला आणि वरचं घर हललंसुद्धा नाही. मग ते घर उभं कशावर होतं? विलिसची सगळी कारकीर्द डोळ्यांसमोर आणली की मला एकच उत्तर सापडतं. ते गळ्यावर उभं होतं, आणि त्या गळ्यांपैकी निदान तीन त्याचे स्वतःचे होते.

हे शिक्षण त्याला मिळालं अटलांटात, ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’मध्ये. टर्नर या टीव्ही कंपनीने 1991 मध्ये हॅना-बार्बेरा ही जुनी कार्टून कंपनी विकत घेतली, 1 ऑक्टोबर 1992 ला कार्टून नेटवर्क सुरू झालं, आणि जुन्या कार्टूनांचं मोठं भांडार हाताशी आलं. नवं काही बनवायला पैसे जवळजवळ नव्हते. टर्नरच्या टपाल विभागातून वर आलेल्या माइक लॅझोने त्या भांडारातून 1966 चा, ॲलेक्स टॉथने रेखाटलेला स्पेस घोस्ट हा सुपरहिरो काढला आणि त्याला रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार करून टाकलं. 15 एप्रिल 1994 ला पहिला भाग आला. त्याचे जुने शत्रूच त्याचे नोकर झाले. टोळासारखा झोरॅक वाद्यवृंद सांभाळणार, लाव्हाचा मोल्टार नियंत्रणकक्षात बसणार. पाहुणे मात्र खरेखुरे, हाडामांसाचे. ते सेटवरच्या एका टीव्हीच्या पडद्यात दिसायचे, त्यामुळे कार्टून आणि माणूस एका चौकटीत बसवण्याचा खर्च मुळातच टळला. विलिस या लेखकांच्या चमूत 1990 च्या दशकात आला.

तिथली लिहिण्याची पद्धत समजून घेतली की पुढचं बरंच काही उलगडतं. आधी पाहुण्याची मुलाखत चित्रित व्हायची. चमूतलाच कुणीतरी समोर बसून प्रश्न विचारायचा, बरेचसे तऱ्हेवाईक. मग ती टेप घेऊन लेखक बसायचे आणि त्यातली उत्तरं वेचायचे. त्यानंतर त्या उत्तरांसाठी नवे प्रश्न लिहायचे. म्हणजे पाहुणा आपल्या कामाबद्दल मनापासून दोन वाक्यं बोललेला असे आणि पडद्यावर ती भलत्याच चौकशीचं उत्तर म्हणून येत. या कामात काय बिघडतं तेही ठरलेलं असतं. पाहुणा चतुर असेल, मुद्दाम गमतीशीर बोलायला जाईल, तर ते फुटेज जवळजवळ वाया गेलं. त्याचा विनोद त्याच्याच प्रश्नाला घट्ट चिकटलेला असतो, तो सोडवून दुसरीकडे लावता येत नाही. कामाचा माल वेगळाच. प्रश्न नीट न कळल्यावरची ती रिकामी नजर, तोंड उघडून पुन्हा मिटणं, ‘हो’ म्हणण्याआधीची दीड सेकंदाची शांतता. हे तुकडे कुठेही बसतात.

आणि शांतता फुकट असते.

कार्टूनमध्ये पैसा हालचालीला लागतो. पात्राने हात उचलला, मान वळवली, चार पावलं चालली की प्रत्येक गोष्टीची चित्रं लागतात. स्पेस घोस्टच्या चमूकडे 1966 च्या मोजक्या मुद्रा होत्या. सी. मार्टिन क्रोकर नावाचा गुणी ॲनिमेटर त्यांत नव्याची भर घालायचा, पण हात राखूनच. अशा वेळी सूत्रधार पाहुण्याकडे चार सेकंद नुसता रोखून बघत बसला तर एका चित्रात भागतं. मोल्टारचं तोंड शिरस्त्राणाआड आहे, म्हणून त्याचे ओठ शब्दांशी जुळवायचा प्रश्नच येत नाही. साध्या टीव्ही कार्टूनलाही तोंडाचे सहा ते नऊ आकार करून घ्यावे लागतात आणि प्रत्येक अक्षराला त्यातला योग्य तो आकार बसवावा लागतो. मोल्टार कितीही बोलला तरी हा खर्च शून्य. त्या काळातल्या एका भागात, ज्यात कोनन ओब्रायन पाहुणा आहे, स्पेस घोस्ट मुलाखत सोडून एका मुंगीच्या मागे जातो आणि जातच राहतो, मिनिटामागून मिनिटं. बघणारा आधी हसतो, मग कंटाळतो, मग अस्वस्थ होतो, आणि त्या अस्वस्थतेच्या पलीकडे कुठेतरी त्याला पुन्हा हसू फुटतं, या वेळी आवरता न येणारं. त्या हसण्याची तिसरी पायरी पैसे नसल्यामुळे सापडली, असं मला ठामपणे वाटतं. भरपूर पैसे असते तर दुसऱ्या पायरीवरच कुणीतरी घाबरून काहीतरी हलवलं असतं.

क्रोकरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तो चित्रं हलवायचा आणि झोरॅक व मोल्टार दोघांचे आवाजही तोच द्यायचा. या दोघांची आपसात बाचाबाची चालू असते तेव्हा एकच माणूस स्वतःशी भांडत असतो, आणि त्या भांडणातली चित्रंही त्याच माणसाच्या हातची असतात. पुढे ‘ॲक्वा टीन’च्या सुरुवातीला येणारे डॉक्टर वियर्ड आणि त्याचा सहायक स्टीव्ह हेही दोन्ही तोच. सप्टेंबर 2016 मध्ये तो गेला. स्पेस घोस्टचा भारदस्त आवाज असलेला जॉर्ज लो मार्च 2025 मध्ये गेला. लोने तो आवाज कधी विनोदी केला नाही, जुन्या रेडिओ निवेदकाच्या गांभीर्याने तो मूर्खपणाची वाक्यं म्हणायचा. या दोघांच्या शेजारी बसून विलिस शिकला. लेखक, ॲनिमेटर आणि आवाज देणारा यांच्या खोल्या वेगळ्या असल्या पाहिजेत, हा दंडक त्या इमारतीत कधी नव्हताच.

‘ॲक्वा टीन’ची पात्रं याच इमारतीत जन्मली. ‘बॅफलर मील’ नावाच्या स्पेस घोस्टच्या एका भागासाठी हे तिघं एका फास्ट फूड कंपनीची शुभंकर पात्रं म्हणून लिहिले गेले. तो भाग तेव्हा झाला नाही आणि थेट 2003 मध्ये दाखवला गेला. तोवर तिघांची स्वतःची मालिका नावारूपाला आली होती. पहिला भाग 30 डिसेंबर 2000 च्या पहाटे कसलाही गाजावाजा न करता दाखवला होता, आणि 2 सप्टेंबर 2001 ला ॲडल्ट स्विम हा कार्टून नेटवर्कचा मोठ्यांसाठीचा रात्रीचा विभाग सुरू झाल्यावर मालिका रीतसर तिथे आली. आता या तिघांकडे ॲनिमेटरच्या नजरेने बघा. कप घसरत पुढे सरकतो. खोकं हवेत तरंगतं. खिम्याचा गोळा गडगडतो. तिघांपैकी एकालाही पाय नाहीत! माणसाची चाल काढणं हे कार्टूनमधलं सगळ्यांत वेळखाऊ आणि लगेच चूक दाखवणारं काम. वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं नाही तर पात्र बर्फावर चालल्यासारखं दिसतं. इथे ते काम पात्ररचनेतच वगळलेलं आहे. चंद्रावरून येणारे मूननाइट तर त्याहून पुढचे. जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारख्या चौकोनी ठिपक्यांच्या दोन सपाट आकृत्या, ज्यांना बाजूसुद्धा नाही. त्यातला हिरवा इग्निग्नॉट म्हणजे विलिस, धाकटा अर् म्हणजे मायलारो. दोन लेखक मायक्रोफोनपुढे बसले की दोन पात्रं हजर, बाहेरून कुणाला बोलवायला नको.

विलिसचे तीन आवाज एकेक करून ऐकावेत. मीटवॉडचा आवाज गळा आवळून वर चढवलेला, मऊ, व्यंजनं अर्धवट गिळणारा, वाक्याच्या शेवटी हवेत विरणारा. तो पोर आहे, पण त्याला कोण आपल्याला फसवतंय ते कळतं आणि तरीही तो फसून घेतो. हे सगळं संवादात लिहिलेलं नाही, ते त्या विरण्यात आहे. कार्लचा आवाज नाकातला, जड, छातीवर तेलकट बनियन ताणल्यासारखा. वाक्य सुरू करायच्या आधीच तो दमलेला असतो. इग्निग्नॉट खोल आणि सपाट, चढउतार जवळजवळ नाहीत, स्वतःच्या श्रेष्ठतेबद्दल इतका निःशंक की आवाज चढवायची त्याला गरजच पडत नाही. मीटवॉडच्या जातीचा आवाज घसा खातो. स्वरयंत्र आवळून फार वेळ बोललं की कडा खरखरायला लागतात आणि नेमका तो कोवळेपणा जातो. म्हणून अनेक पात्रं करणारे लोक साधारणपणे ताणाचे आवाज राखून वापरतात, ओरडण्याची वाक्यं शेवटी घेतात. दुसरा धोका घसरण्याचा. दोन आवाज वर्षानुवर्षं शेजारी राहिले की एकमेकांचे हेल उचलतात, आणि सहा महिन्यांनी एखादंच वाक्य पुन्हा घ्यायची वेळ आली तर आधीचं रेकॉर्डिंग कानात घालून सूर पकडल्याशिवाय ते चिकटवलेलं कळतं.

आणि मग खरी अडचण येते. कार्ल आणि मीटवॉड शेजारी आहेत, त्यांचं सतत काहीतरी चालू असतं, आणि दोघं एकाच गळ्यात राहतात. दोन नट समोरासमोर असले की ते एकमेकांचं बोलणं तोडतात, दुसऱ्याच्या शेवटच्या शब्दावर आपला पहिला शब्द चढवतात. भांडणाची ऊब तिथूनच येते. एकच माणूस दोघांचं बोलत असेल तर असं घडूच शकत नाही. एका पात्राची वाक्यं एका दमात घ्यायची, दुसऱ्याची दुसऱ्या दमात, आणि मग एडिटिंगच्या टेबलावर एका आवाजाची पट्टी दुसऱ्यावर सरकवायची. पाव सेकंद आत सरकवली तर वैताग ऐकू येतो. अर्धा सेकंद बाहेर ओढली तर तोच वैताग हताशपणा होतो. एक सेकंद ओढली तर प्रेक्षक कार्लच्या बाजूने विचार करायला लागतो. संवाद तोच, एक अक्षर बदललेलं नाही. मास्टर शेकचा डाना स्नायडर आणि फ्रायलॉकचा कॅरी मीन्स यांचीही वाक्यं या पट्ट्यांत येऊन बसतात, आणि तिथे लेखकच आवाज असल्याचा मोठा फायदा होतो. स्नायडर एखादं वाक्य कागदावर नसलेल्या भलत्याच चढ्या सुरात म्हणून गेला, तर त्याला पुरं पडेल असं मीटवॉडचं नवं उत्तर लिहायला आणि बोलायला तोच माणूस तिथे असतो. नटाला पुन्हा बोलवा, तारीख मिळवा, मानधन ठरवा, यातलं काहीच नाही.

अकरा मिनिटांच्या भागात हे का शक्य होतं, तेही बघण्यासारखं आहे. अकरा मिनिटं म्हणजे 660 सेकंद. त्यातून डॉक्टर वियर्डचा तुकडा, शीर्षकगीत आणि शेवटची नामावली वजा केली की गोष्टीला जेमतेम दहा मिनिटं उरतात. एवढ्यात सुरुवात, मध्य, शेवट असं रीतसर काही करायला गेलं तर प्रत्येकाच्या वाट्याला माहिती देणारी वाक्यं येतात, आणि माहिती देणारं पात्र बोलत नाही, वाचून दाखवतं. गुप्तहेरगिरीचं नेमकं हेच होत होतं. कोणता गुन्हा, कुणावर संशय, आता कुठे जायचं, हे सांगण्यात दीड-दोन मिनिटं सहज जायची. ती उरली तेव्हा शेकला खोटं बोलून ते आणखी चार खोट्यांनी सजवायला जागा मिळाली आणि कार्लला दारात उभं राहून काही न बोलता बघायला जागा मिळाली. तपास गेल्यावर मालिका हलली नाही, कारण त्याच्या जागी आलेल्या सेकंदांत पात्रांना श्वास घेता आला.

या सगळ्या काटकसरीला एकदा मोठी किंमत मोजावी लागली. ‘ॲक्वा टीन’वरच्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी अमेरिकेतल्या 10 शहरांत मूननाइटांचे दिव्यांचे फलक लावले होते, एलईडी आणि बॅटरीचे. 31 जानेवारी 2007 ला बॉस्टनमध्ये त्यांतला एक कुणालातरी बॉम्ब वाटला आणि रस्ते, पूल, रेल्वे असं शहर ठिकठिकाणी थांबलं. टर्नरने तडजोडीत 20 लाख डॉलर दिले, 9 फेब्रुवारीला कार्टून नेटवर्कचे प्रमुख जिम सॅम्पल्स यांनी राजीनामा दिला. चित्रपट त्याच वर्षी 13 एप्रिलला आला. सुमारे साडेसात लाख डॉलरमध्ये बनलेल्या त्या चित्रपटाने साधारण 55 लाख मिळवले. बॉस्टनवर चमूने लिहून, रंगवून पुरा केलेला भाग वाहिनीने कधीच दाखवला नाही. मला त्या प्रकरणातलं सगळ्यांत विलक्षण हे वाटतं की इग्निग्नॉट त्या फलकावर नुसता दिसत होता, त्याला आवाज नव्हता. ज्यांनी मालिका बघितली होती त्यांना तो हिरवा आकार बघताच सपाट, बढाईखोर आवाज ऐकू आला. ज्यांनी बघितली नव्हती त्यांच्यापुढे पुलाखाली लुकलुकणारं एक यंत्र होतं, आणि त्यांची भीती खोटी नव्हती.

आवाज पात्रापासून सुटला तर काय होतं, हे विलिसला दुसऱ्या बाजूने बघावं लागलं. जिम फोर्टियरबरोबर त्याने उभी केलेली ‘स्क्विडबिलीज’ 16 ऑक्टोबर 2005 ला सुरू झाली. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात राहणारं माखल्यांचं कुटुंब, दारूडा बाप अर्ली. विलिस जॉर्जियातच वाढलेला, त्यामुळे त्या बोलीतला हेका आणि जिव्हाळा दोन्ही त्याला आतून ठाऊक आहेत, आणि ते लिखाणात जाणवतं. अर्लीचा आवाज होता अननोन हिन्सन या नावाने गाणाऱ्या स्टुअर्ट बेकरचा, आणि तो आवाज म्हणजेच अर्ली होता. 2020 मध्ये समाजमाध्यमावरच्या वक्तव्यांमुळे बेकरला काढून टाकलं. 2021 च्या शेवटच्या, तेराव्या हंगामात ट्रेसी मॉर्गनने अर्ली केला. मॉर्गन ताकदीचा विनोदी नट आहे, तरी ते पात्र वेगळंच झालं. चित्र तेच, टोपी तीच, राग आणि दारूही तीच, पण वाक्य कुठे मोडायचं, कुठे गिळायचं याचं जे गणित पंधरा वर्षांत लेखकांच्या कानात बसलं होतं ते बदललं. लेखक कागदावर लिहितो तेव्हाही त्याच्या डोक्यात एक विशिष्ट गळा बोलत असतो, आणि तो गळा गेला की लिहिणाऱ्यालाच नव्याने सुरुवात करावी लागते.

विलिसने माणसांचीही मालिका केली. कॅस्पर केलीबरोबरची ‘युअर प्रिटी फेस इज गोइंग टू हेल’, 2013 ते 2019, नरक म्हणजे एक कंटाळवाणं ऑफिस. तिथे रंगवलेली लाल तोंडं आणि शिंगं लावून नट दिवसभर उभे राहतात आणि मधलं मौन पाव सेकंदाने मागेपुढे सरकवता येत नाही, कारण चौकटीतल्या बाकीच्यांचे चेहरेही त्याच क्षणात अडकलेले असतात. चांगली मालिका आहे, पण मला त्यात त्याचा हात थोडा बांधलेला दिसतो. ‘आर्चर’ या कार्टून मालिकेतला बॅरी हे उलट टोक. तिथे लिखाण दुसऱ्यांचं, विलिस फक्त आवाज, आणि तरीही बॅरीच्या हसऱ्या, गोड क्रूरपणात मागे एक लेखक उभा आहे, जो वाक्यातला नेमका कोणता शब्द हलकेच टाकून द्यायचा ते जाणतो.

‘ॲक्वा टीन’ने 2011 पासून दर हंगामाला नाव बदललं, 2015 च्या ऑगस्टमध्ये ती बंद झाली, 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ‘प्लांटाझम’ हा नवा चित्रपट आला आणि 2023 मध्ये आणखी पाच भाग. पण या सगळ्याच्या बाजूने, ॲडल्ट स्विमच्या संकेतस्थळावर कार्लचं एक छोटं काम हंगामामागून हंगाम चालत आलं, ते मला सगळ्यांत आवडतं. अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात कार्ल सामन्यांचे निकाल वर्तवतो. पार्श्वभूमी एक, पात्र एक, आवाज एक. ताज्या दुखापती, ताजे वाद, मागच्या रविवारी काय घडलं ते सगळं त्यात येतं, कारण लिहिणारा आणि बोलणारा एकच असल्यामुळे पुढच्या सामन्यांच्या आत ते बनवून लावता येतं. कार्ल न्यू यॉर्क जायंट्सचा भक्त आहे. ज्या आठवड्यात जायंट्स वाईट हरतात त्या आठवड्यात तो पहिलं वाक्य सुरू करायच्या आधी नाकाने एक लांब श्वास सोडतो, आणि तेवढ्या श्वासात सामन्याचा सगळा वृत्तान्त येऊन जातो.